पाहण्याचे पैसे : लायसनच्या पुस्तकापासून ऑटोपेपर्यंत

आजचा विषय आम्ही मुद्दाम शोधून काढलेला नाही. तो आमच्या बचत गटाच्या बैठकीतच निघाला.

दर महिन्याच्या पाच तारखेला आम्ही चौदा जणी बसतो. प्रत्येकीचे दोनशे रुपये. मागच्या खेपेला आमच्यातल्या एका मावशींनी अंगठा लावून पैसे काढायला घेतले, तर खात्यात दीडशेच शिल्लक. आदल्या दिवशी जवळपास दोनशे रुपये कापले गेले होते. कसले ते कुणालाच कळेना, मेसेज इंग्रजीत. शेवटी त्यांच्या नातवानं खाली बघत सांगितलं, की महिन्यापूर्वी एका अ‍ॅपवर ‘पहिला महिना एक रुपयात’ असं दिसलं, म्हणून त्यानं आजीच्या फोनवरून बटण दाबलं होतं. एक रुपया गेला, सिनेमा बघून झाला, पोरगा विसरला. अ‍ॅप विसरलं नाही. मावशींचा हप्ता दोन दिवस उशिरा आला आणि गटाच्या नियमाप्रमाणे त्यांनी दहा रुपये दंड भरला. आम्ही नको म्हणत होतो, पण त्या ऐकेनात.

दंड भरता भरता त्या म्हणाल्या, “अगं, डिशचे पैसे वेगळे भरतो, फोनचं रिचार्ज वेगळं मारतो, मग हे तिसरं काय काढलं?”

आम्हाला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. म्हणून घरबसल्या बघण्याचे पैसे कधी, किती आणि कसे बदलत गेले, ते आम्ही मांडून बघितलं. तेच आज सांगतो.

आपल्या सासूबाईंना विचारा, त्यांना लायसन आठवत असेल. रेडिओ घरी आणला की पोस्टात जाऊन त्याचं लायसन काढावं लागायचं. त्याचं लहानसं पुस्तक असायचं, आणि दरवर्षी पैसे भरून ते नवं करून घ्यायचं. रेडिओला वर्षाचे पंधरा रुपये, टीव्हीला पन्नास. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्यानंतर कितीतरी वर्षं शहरातल्या टीव्हीवाल्या घरांत हे पुस्तक जपून ठेवलेलं असायचं, कारण पोस्टाचा तपासनीस येऊन विचारू शकायचा. १९८० च्या दशकाच्या मध्यावर सरकारनं हे लायसन बंद केलं. सरकारी वाहिनी बघायला पैसे पडेनासे झाले.

त्यानंतरच १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाली. ज्यांनी ते रविवार पाहिलेत त्यांना सांगायला नको. आळीत एक टीव्ही, समोर पन्नास माणसं, खिडकीत लटकलेली पोरं वेगळीच. टीव्हीवाल्याच्या घरी कुणी माणसं मोजत नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

१९९१ नंतर केबल आली, मग घराघरावर छत्र्या आल्या. केबलवाला महिन्याला दारात येऊन पैसे न्यायचा. त्याच्याशी भांडता यायचं, ‘पंधरा दिवस दिसत नव्हतं, निम्मेच देणार’ असं म्हणता यायचं. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शननं स्वतःची छत्री आणली, तिलाच आता फ्री डिश म्हणतात. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याचं काही नाही. आपल्या भागात अजूनही कितीतरी घरांवर तीच आहे.

आता मावशींच्या तिसऱ्या खर्चाकडं येऊ. इंटरनेटवरून बघण्याचा. याला ओटीटी म्हणतात, पण आपण सगळ्याजणी ‘अ‍ॅपवर बघणं’ म्हणतो, तेच बरं. ही रीत आपल्याकडं येण्याआधी अमेरिकेत रुळली, आणि भावाचा सगळा खेळ तिथं आधी खेळून झाला. म्हणून दोन मिनिटं तिकडं जाऊ.

नेटफ्लिक्स ही कंपनी मुळात सिनेमाच्या डीव्हीडी पोस्टानं घरी पाठवायची. आपल्याकडं कॅसेट भाड्यानं मिळायची, तसाच धंदा, फक्त महिन्याची वर्गणी. २००७ मध्ये त्यांनी इंटरनेटवरून सिनेमा दाखवायला सुरुवात केली, आणि जुन्या गिऱ्हाइकांना त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. वर घातलेली चिंच-कोथिंबीर म्हणा. तीन वर्षांत लोकांना सवय झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये नुसतं इंटरनेटवर बघायचं असेल तर महिन्याला आठ डॉलरला एक सेंट कमी, असा दर निघाला. पुढच्या वर्षी कंपनीनं डीव्हीडी आणि इंटरनेट वेगळं केलं. दोन्ही हवं असेल तर आधी दहा डॉलरला मिळायचं, ते एकदम सोळाला. लोक चिडले. त्या एका तिमाहीत आठ लाख घरांनी कंपनी सोडली.

त्यातून कंपनी जे शिकली ते आपणही शिकून ठेवावं. एकदम वाढवलं की माणूस उठून जातो, हळूहळू वाढवलं की बसून राहतो. २०१४ मध्ये एक डॉलर, २०१५ मध्ये एक, २०१७ मध्ये एक, मग कधी दोन, कधी दीड. २०२५ च्या जानेवारीत मधल्या दर्जाचा पॅक अठरा डॉलरला टेकला. पंधरा वर्षांत दुपटीहून जास्त.

आता आपल्याकडं. फेब्रुवारी २०१५ मध्ये क्रिकेटच्या विश्वचषकाच्या तोंडावर हॉटस्टार आलं. फुकट, जाहिरातींसह. पुढच्या वर्षी त्यांनी परदेशी मालिकांसाठी महिन्याला १९९ चा पॅक काढला, पण आपल्यासारख्यांना लागणारं बरंचसं फुकटच होतं. जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आलं, महिन्याला ५००, ६५० आणि ८०० रुपये असे तीन दर घेऊन. तेव्हा केबलचं बिल दोन-तीनशेच्या घरात होतं. हा भाव आपल्यासाठी नव्हताच, मुंबई-पुण्याच्या मोजक्या घरांसाठी होता. जुलै २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनचं प्राइम आलं, सुरुवातीची सवलत म्हणून वर्षाला ४९९. त्यात सामान लवकर घरपोच मिळायचं (आमच्या वस्तीवर ते लवकर कधी आलं नाही, ते असो), आणि डिसेंबरात त्यात सिनेमे-मालिकाही आल्या.

तरीही गावात हे पोचलं नसतं, कारण खरी महाग गोष्ट होती इंटरनेट. एक जीबीला दोन-अडीचशे रुपये पडायचे. तीन तासांचा सिनेमा बघायचा म्हणजे बाजाराचे पैसे जाळायचे. मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. आधी डिसेंबरपर्यंत फुकट, मग मुदत वाढवून मार्च २०१७ पर्यंत फुकट. तुम्हाला आठवत असेल, आधार कार्ड घेऊन सिमसाठी केवढ्या रांगा लागल्या होत्या. बाकीच्या कंपन्यांनाही दर पाडावे लागले. त्यानंतर दोन-तीन वर्षांत आपल्या ओसरीवर, गोठ्यात, भाजीच्या गाडीवर सगळीकडं फोनवर चित्र हलायला लागलं.

कंपन्यांच्याही लक्षात आलं की गिऱ्हाईक आता इथं आहे, आणि त्याच्या हातात मोठा टीव्ही नाही, लहान फोन आहे. मग आपल्या मापाचे पॅक निघाले. मार्च २०१९ मध्ये हॉटस्टारनं वर्षाला ३६५ रुपयांचा पॅक काढला. दिवसाला एक रुपया. त्यात क्रिकेट, आणि टीव्हीवर लागण्याआधी त्या वाहिनीच्या मालिका. बघा कसा नेमका नेम धरला होता, एक पोराचा आणि एक आपला. त्याच वर्षी जुलैत नेटफ्लिक्सनं १९९ चा पॅक आणला, तो फक्त फोनवर चालणारा. जगात इतर ठिकाणी भाव चढत होते आणि भारतात उतरत होते. आपल्यावर माया होती म्हणून नव्हे. आपण अजून जाळ्यात आलो नव्हतो म्हणून.

पुढं लॉकडाऊन आला. एप्रिल २०२० मध्ये हॉटस्टारला डिस्नीचं नाव जोडलं गेलं, आणि ३६५ चा पॅक ३९९ झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये तो पॅकच बंद झाला. त्याच्या जागी फक्त एका फोनवर बघायचे ४९९, टीव्हीवर बघायचे तर ८९९.

१४ डिसेंबर २०२१ हा दिवस आम्हाला फार गमतीचा वाटला. त्या एकाच दिवशी नेटफ्लिक्सनं भाव पाडले आणि प्राइमनं चढवले. नेटफ्लिक्सचा फोनवरचा पॅक १९९ वरून १४९, आणि ४९९ चा साधा पॅक थेट १९९. इकडं प्राइम वर्षाला ९९९ वरून १४९९. सुरुवातीला ४९९ होतं, म्हणजे पाच वर्षांत तिप्पट. एक गिऱ्हाइकं गोळा करत होता, कारण त्याच्याकडं कमी होती. दुसऱ्याकडं जमली होती, तो वसुली करत होता. आठवडी बाजारात नवा भाजीवाला बसला की पहिले चार बुधवार तो काय भावानं देतो आणि पुढं काय करतो, ते आपल्याला वेगळं शिकवायला नको.

महिन्याच्या भावाची गोष्ट मात्र आम्हाला जास्त लागली, म्हणून ती जरा थांबून सांगतो. प्राइमचा महिन्याचा दर २०१८ मध्ये १२९ होता. डिसेंबर २०२१ मध्ये १७९ झाला, एप्रिल २०२३ मध्ये २९९. वर्षाचा दर मात्र १४९९ वरच राहिला. आता हिशेब करा. एकरकमी भरणारा १४९९ भरतो. दर महिन्याला भरणारा, वर्षभर घेतलं तर, ३५८८ भरतो. चित्र तेच, सिनेमा तोच. ज्याच्याकडं एकदम दीड हजार काढून द्यायला नाहीत, त्याला दुपटीहून जास्त पडतं. दुकानातून रोजच्या रोज दहा रुपयांचं तेल आणणारी बाई पंधरा किलोचा डबा घेणारणीपेक्षा महाग तेल खाते, तेच हे. आमच्या गटानं दोन वर्षांपूर्वी दिवाळीचं तेल एकत्र आणलं ते याचसाठी. पण अ‍ॅपच्या बाबतीत एकत्र आणायची सोय नाही. जुलै २०२३ मध्ये नेटफ्लिक्सनं भारतात सांगून टाकलं, की एक खातं एकाच घरातल्या माणसांनी वापरायचं, शेजारणीला पासवर्ड द्यायचा नाही. पॅक कुठल्याही अ‍ॅपचा घ्या, त्यात एका वेळी किती पडद्यांवर दिसेल ते लिहिलेलं असतं. रामायणाच्या वेळी खिडकीत लटकलेली पोरं कुणी मोजली नव्हती. आता मोजतात.

आणि क्रिकेट. ते घरातल्या पुरुषांचं आणि पोरांचं म्हणून आपण सोडून देतो, पण भाव त्याच्याच जोरावर हलतात. जून २०२२ मध्ये आयपीएल इंटरनेटवर दाखवायचे पाच वर्षांचे हक्क लिलावात २३,७५८ कोटी रुपयांना गेले. एवढे पैसे ओतणाऱ्या कंपनीनं २०२३ मध्ये जिओसिनेमा अ‍ॅपवर आयपीएल चक्क फुकट दाखवलं, २०२४ मध्येही. मग हॉटस्टारनंही त्या वर्षीचा विश्वचषक फोनवर फुकट सोडला. एप्रिल २०२४ मध्ये जिओसिनेमानं महिन्याला २९ रुपयांचा पॅक काढला. एकोणतीस! गावात चहाचे तीन कप. आमच्यातल्या दोघी-तिघींनी तेव्हाच घेतला.

पण हे दोन दुकानदार एकमेकांशी भांडत होते म्हणून चाललं होतं. २०२४ च्या अखेरीस त्यांचं एक झालं आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार आलं. फोनवर बघायचा पॅक तीन महिन्यांना १४९, तोही जाहिरातींसह. त्या वर्षीचं आयपीएल पूर्वीसारखं फुकट राहिलं नाही, पॅक घ्या नाहीतर २९९ किंवा त्याहून मोठं रिचार्ज मारा. दोघांची स्पर्धा होती तोवर आपली चैन होती.

जाहिरातींचंही तसंच. पैसे भरले म्हणजे जाहिरात नाही, अशी आपली समजूत होती. जून २०२५ पासून प्राइमवर भारतात सिनेमाच्या मध्ये जाहिराती यायला लागल्या. नको असतील तर महिन्याला आणखी १२९ किंवा वर्षाला ६९९. दर १४९९ तोच राहिला, असं कंपनी म्हणू शकते. आम्ही याला भाववाढच म्हणतो. बिस्किटाचा पुडा पाच रुपयांचाच राहतो आणि आतली दोन बिस्किटं कमी होतात, तसलं हे.

आता रिचार्ज. अ‍ॅप कितीही स्वस्त असो, ते इंटरनेटवरच चालतं. फुकट वाटलेल्या त्या दिवसांनंतर डिसेंबर २०१९, नोव्हेंबर-डिसेंबर २०२१ आणि जुलै २०२४, असे तीनदा सगळ्या मोठ्या कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबीचा पॅक घ्या. २०२१ च्या वाढीआधी १९९, नंतर २३९, २०२४ पासून २९९. तो महिन्याचा नाही, २८ दिवसांचा. म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज. २९९ गुणिले तेरा म्हणजे ३८८७. फोन आपण बघण्यासाठीच घेतो असं नाही, त्यावर मुलांची शाळा आहे, बँक आहे, माहेरशी बोलणं आहे. सगळे पैसे सिनेमाच्या नावावर टाकणं बरोबर नाही. तरी अ‍ॅपचे वर्षाचे चार-पाचशे बघताना खालचे हे चार हजार दिसत नाहीत, एवढं खरं.

पोस्टाचं लायसन गेलं, केबलवाला गेला, तसा आणखी एक माणूस यातून गेलाय. भाव ठरवताना मध्ये उभा राहणारा. केबल आणि डिशच्या दरांवर ट्राय नावाची सरकारी संस्था लक्ष ठेवते. फेब्रुवारी २०१९ पासून तिनं नियम लावला, की पहिल्या शंभर वाहिन्यांना १३० रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, कर धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि आपल्याला हवी ती वाहिनी निवडता आली पाहिजे. तेव्हा गोंधळ झाला होता, कितीतरी जणींचं बिल उलट वाढलं होतं. जुलै २०२४ मध्ये त्या १३० ची मर्यादाही काढून टाकली. पण निदान कुणीतरी होतं, ज्याच्याकडं बोट दाखवता येत होतं. अ‍ॅपच्या दराला अशी मर्यादा घालणारं कुणीच नाही. दर कंपनी ठरवते आणि आपण घ्यायचं की नाही एवढंच ठरवतो.

आणि तेही आपण ठरवतो का, हा मावशींचा प्रश्न आहे. केबलवाल्याच्या हातावर पैसे ठेवताना दर महिन्याला एकदा विचार व्हायचा. ऑटोपेमध्ये तो विचार एकदाच होतो, आणि तो मावशींच्या घरी बारा वर्षांच्या पोरानं केला. रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून असा आहे, की असे आपोआप पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवलं पाहिजे आणि ते थांबवायची सोय दिली पाहिजे. मावशींना मेसेज आला होता. तो इंग्रजीत होता आणि फोन नातवाकडं होता. नियम पाळला गेला, पैसेही गेले.

ऑटोपे बंद करायला अ‍ॅप काढून टाकणं पुरत नाही, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. फोनवरून अ‍ॅप पुसलं तरी कापणी चालूच राहते. ज्या अ‍ॅपवरून तुम्ही पैसे पाठवता, त्यात ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ असं लिहिलेलं असतं. ते उघडलं की कुणाकुणाला परवानगी दिलीय त्याची यादी दिसते, आणि तिथूनच ती रद्द करता येते. फुकटात ओढून घ्यायचं आणि बाहेर पडायची वाट लपवायची, याला केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकांची फसवणूक ठरवलं आहे. तक्रार करायची तर १९१५ हा ग्राहकांसाठीचा सरकारी नंबर आहे, तिथं मराठीतही बोलता येतं.

मावशींनी पैसे परत मागितले नाहीत. “बघितला होता ना पोरानं सिनेमा,” म्हणाल्या. ऑटोपे मात्र त्यांनी स्वतःच्या बोटानं बंद केलं, आम्ही फक्त शेजारी बसलो होतो. त्यांची मालिका त्या आता टीव्हीवरच बघतात, जाहिरातींसकट. जाहिरातीत भाकरी थापून होते म्हणतात.

गटाच्या वहीत आम्ही एक नवा रकाना घातलाय, ‘आपोआप कापले जाणारे’. पुढच्याच बैठकीत चौदा जणींनी आपापले फोन उघडून बघितले. त्या रकान्यात नऊ नोंदी झाल्या. त्यातल्या तीन कशाच्या आहेत, ते ज्यांच्या खात्यातून जातात त्यांनाही सांगता आलं नाही.